अकरा नंबरचा बोर्ड

टॅबलेट चार्जिंगला लावायचं काम माझं.
बावीस टॅबलेट, तिघांच्या काचा तडकलेल्या.
सकाळी आठला खिडकीवरची बर्फाची साय
आतून नखानं खरवडायची, हे कोणी सांगितलेलं नाही,
पण तेही माझंच.
बाहेर उणे एकतीस.
उलानबातरवर कोळशाचा धूर इतका खाली
की समोरच्या वसतिगृहाला चौथा मजलाच नाही.

दवासुरेन मॅडम पूर्वी फळ्यावर बाण काढायच्या,
आत येणारा लाल खडूनं, बाहेर जाणारा पांढऱ्यानं,
आणि मागच्या बाकांवर जांभया.
आता टॅबलेट बोर्डावर धरला
की बाण आपोआप उगवतात, निळे,
तारांवरून मुंग्यांसारखे चालू लागतात,
करंट जास्त तिथे रांग जाड,
रेझिस्टरच्या डोक्यावर आकडा तरंगतो.
पहिल्या दिवशी पोरांनी टॅबलेट
एकमेकांच्या नाकांवर धरून पाहिले.
थंडीनं वाहत होतं तेवढंच वाहत होतं.

"नोडवर जेवढं येतं तेवढंच जातं,"
मॅडम म्हणतात, "मध्ये कोणी काही खात नाही."

बायनखोंगोरहून आलेल्या उदवलला
हे समजवावं लागलं नाही.
बाप सकाळी मोजून मेंढ्या सोडायचा,
ती संध्याकाळी कुंपणाच्या फटीशी उभी राहून
मोजून आत घ्यायची.
चारशे बारा गेल्या, चारशे बारा आल्या.
"आणि एक कमी आली तर?"
"तर मोजणारा चुकला," ती म्हणाली, "नाहीतर लांडगा."
वर्ग हसला.
कोपऱ्यात वायरी सोलत मीही.

परवा तिच्या वाट्याला अकरा नंबरचा बोर्ड आला.
बारा व्होल्ट, तीन रेझिस्टर, एक फाटा.
पडद्यावर सगळं गोड:
चार मिलीअँपिअर येतात, तीन डावीकडे, एक उजवीकडे.
बाकीच्यांनी आकडे उतरवले, दप्तरं आवरली,
कॅन्टीनमध्ये बुझ वाफेवर चढले होते.
ही एकटी तार उपसून मध्ये मीटर घालत बसली.
सवय. दुसऱ्यानं मोजलेल्या कळपावर
तिच्या घरी कोणी झोपत नाही.

येतात तीन पॉइंट चार.
डावीकडे तीन पॉइंट चार.
उजवीकडे शून्य.
तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा शून्य.
टॅबलेट वर धरला तर त्याच मेल्या तारेवरून
निळे बाण मजेत चाललेले,
एक मिलीअँपिअर, कसलीही लाज नाही.

टॅबलेट रेझिस्टरचे रंगपट्टे वाचतो आणि गणित करतो.
पांढऱ्या प्लास्टिकच्या पोटात
पितळेचा एक चिमटा सैल झालाय,
हे त्याला कोणत्या डोळ्यानं दिसावं?
मला ठाऊक होतं. दोन वर्षांपासून.
बोर्ड फेकायचा तर फॉर्म भरावा लागतो,
हे मी विचारणाऱ्यांना सांगतो.
खरं कारण मलाही नीट सांगता येणार नाही.
सगळेच बोर्ड पडद्यासारखे वागले
तर माझ्या बोटांनी काय करायचं,
असं काहीतरी.

"नियम मोडला का?" मॅडमनी तिला विचारलं.
ती बराच वेळ गप्प.
मग बोटांवर, खरोखर बोटांवर मोजून म्हणाली,
"नाही. तीन पॉइंट चार आले, तीन पॉइंट चार गेले.
ताळा लागतो.
बाण खोटा आहे, नियम नाही."
मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
मी हातातली वायर, सोललेलीच, पुन्हा सोलू लागलो.

संध्याकाळी वह्या गोळा करताना तिचं पान उघडं होतं.
निरीक्षणाच्या रकान्यात पडद्याचे आकडे,
शेजारी मीटरचे,
आणि तफावतीचं कारण लिहायच्या जागी एकच ओळ:
लांडगा सत्ताविसाव्या रांगेत आहे.

मॅडमनी दहापैकी साडेनऊ दिले.
शून्यापुढे एकक लिहायचं राहिलं होतं.